सेन्सरचा आकडा घरात कसा वाचावा

आमच्या लेकीच्या दंडाच्या मागच्या बाजूला एक पांढरी गोल चकती चिकटवलेली असते, दहा रुपयांच्या नाण्याहून जराशी मोठी. बेसात आमच्या इमारतीत ती पहिल्यांदा दिसली तेव्हा शेजारच्या काकूंनी जिन्यातच थांबवून विचारले, "काहून गं पोरी, हे काय लावलं?" मोमिनपुऱ्याहून आलेल्या एका नातेवाइकांना तो नव्या पद्धतीचा ताईत वाटला. लेकीने दोघांनाही एकच उत्तर दिले, "हे माझी शुगर पाहतं."

उत्तर बरोबर आहे. पण शुगर नेमकी कोण पाहतो, काय पाहतो आणि पाहून काय करतो, हे घराघरांत समजून घेण्यासारखे आहे. टाइप वन मधुमेह असलेली मुले आपल्या समाजातही आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट लपवली जाते. मुलगी असेल तर जास्तच.

आधी आजाराविषयी थोडे. टाइप वन हा गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. मग बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय माणूस जगत नाही. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी या आजाराचे निदान म्हणजे मृत्यूच होता. आज हीच मुले शिकतात, लग्न करतात, आईबाप होतात. मात्र रोज, दर जेवणाला, साखर किती आणि इन्सुलिन किती याचा हिशोब त्यांना करावा लागतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड जे काम न सांगता करते, ते या मुलांना डोक्याने करावे लागते.

चकतीच्या खाली केसासारखा बारीक, लवचीक धागा असतो. तो त्वचेच्या खाली जातो आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातली नव्हे, हे लक्षात ठेवावे. साखर आधी रक्तात बदलते आणि मग त्या द्रवात, म्हणून सेन्सरचा आकडा पाच-दहा मिनिटे मागे असतो. साखर स्थिर असताना हा फरक कळतही नाही. ती वेगाने पडत असेल तेव्हा मात्र फोनवर ८५ दिसते आणि पोरगी घामाघूम झालेली असते. अशा वेळी फोनवर नाही, पोरीवर विश्वास ठेवावा आणि बोटाला टोचून ग्लुकोमीटरने खात्री करावी. नवा सेन्सर लावल्यावर पहिला दिवसभर त्याचे आकडे थोडे इकडेतिकडे असू शकतात, तेव्हाही हेच करावे.

आता वाचायचे कसे. आमच्याकडे पाहुणे आले की फोनवरचा मोठा आकडा पाहतात आणि म्हणतात, "११० आहे, छान!" आम्ही मात्र आधी आकड्याशेजारचा बाण पाहतो. बाण आडवा असेल तर साखर जवळजवळ जागच्या जागी आहे. तिरका असेल तर ती मिनिटाला एक ते दोन अंकांनी चढते किंवा उतरते आहे, म्हणजे पंधरा मिनिटांत १५ ते ३०. सरळ उभा असेल तर याहूनही वेगाने. म्हणून आडव्या बाणाचे ११० म्हणजे निवांत झोपावे असे, आणि उभ्या उतरत्या बाणाचे ११० म्हणजे साखरेचे पाणी हातात घेऊन बसावे असे. आकडा तोच, अर्थ उलटा.

बाणानंतर मागच्या काही तासांची रेघ पाहावी. नागपुरात सकाळी तर्री-पोहे खाल्ले की रेघ अर्ध्या तासात उभी चढते. लग्नातली बिर्याणी वेगळी वागते. तुपातेलाने आणि गोश्तने पचन लांबते, त्यामुळे रात्री दहाला आकडा इतका सुरेख असतो की घरातले खूश होतात आणि खरी चढण मध्यरात्रीनंतर सुरू होते. लोक म्हणतात, "रात्री तर काही खाल्लं नव्हतं, मग शुगर वाढली कशी?" रेघ पाहिली की उत्तर तिथेच असते.

रेघ कधी फसवतेही. मूल त्याच दंडावर दाब देऊन झोपले की सेन्सरजवळचा द्रव दाबला जातो आणि रात्री दोन वाजता ५५ चा गजर होतो. कूस बदलली की दहा मिनिटांत आकडा पुन्हा ११०. झोपलेल्या पोराच्या तोंडात घाईने साखर कोंबण्याआधी त्याला जागे करावे, कूस बदलावी, बोट टोचून पाहावे. खरेच ७० च्या खाली असेल तर मोठ्या मुलासाठी साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे पाण्यात विरघळवलेले तीन चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. लहान मुलाला किती द्यायची ते डॉक्टरांनी सांगितलेले असावे. इथेही सेन्सर मागेच असतो. साखर पोटात गेल्यावरही काही वेळ तो खालचाच आकडा दाखवतो, आणि घाबरून आई आणखी देते, बाप आणखी देतो, मग तासाभरात २८० होते. आणि मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे.

दिवसभराचा हिशोब पाहताना डॉक्टर ७० ते १८० हा पट्टा धरतात. २०१९ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार २४ तासांपैकी ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळपास १७ तास, साखर या पट्ट्यात असली तर उत्तम. आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ, म्हणजे दिवसाला तासाभराच्या आत. याचा सरळ अर्थ असा की चांगल्या दिवसातही सात तास साखर पट्ट्याबाहेर असू शकते. हे आईबापांनी दोनदा वाचावे. दिवसभर सरळ रेघ कोणत्याही मुलाची नसते, आणि ती मागणे अन्याय आहे.

इथे नजरेचा प्रश्न येतो. हे आकडे आता दुसऱ्याच्या फोनवरही दिसतात. त्याची सुरुवात एका बापानेच केली. २०१३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लिव्होनिया गावी जॉन कॉस्टिक यांनी आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचे आकडे कामावर बसून पाहता यावेत म्हणून स्वतःच संगणकाचा प्रोग्राम लिहिला. कंपन्यांनी तशी सोय दिलेली नव्हती. इतर पालक जोडले गेले, आणि त्यातून 'नाइटस्काउट' ही मोफत व्यवस्था उभी राहिली. आम्हाला त्या बापाचे मन पूर्ण कळते. मुलगी मनीषनगरला शिकवणीला गेलेली असते आणि तिची साखर आपल्या हातात दिसते, यासारखा दिलासा नाही.

पण पंधरा वर्षांच्या मुलीला तासातासाला "किती आहे? काय खाल्लंस?" असे मेसेज येऊ लागले तर ती एक दिवस सेन्सर काढून ठेवील. म्हणून आमच्याकडे नियम आहे. गजर फक्त ७० च्या खाली आणि बराच वेळ २५० च्या वर राहिल्यावर. बाकी वेळ आकड्याविषयी बोलायचा पहिला हक्क तिचा. दस्तरखानावर, पाहुण्यांसमोर कोणी आकडा विचारायचा नाही, अगदी दादीनेसुद्धा. आकड्याला 'चांगला' किंवा 'वाईट' म्हणायचे नाही, 'वर' किंवा 'खाली' म्हणायचे.

रमजानात हा नियम कसाला लागतो. लेकीला रोजे ठेवायचे होते. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे, हे तिला माहीत आहे, पण मैत्रिणी ठेवतात आणि आपण नाही, हे त्या वयात टोचते. टाइप वनमध्ये धोका खरा आहे. २००१ साली १३ देशांत झालेल्या 'एपिडियार' या मोठ्या पाहणीत टाइप वन असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवलेले आढळले, आणि त्यांच्यात साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग रमजानात सुमारे पावणेपाच पट झाले होते. म्हणून डॉक्टर सहा ते आठ आठवडे आधी भेटायला सांगतात. आम्ही रजब महिन्यातच गेलो. ठरले असे: फक्त सुट्टीच्या दिवशी, घरी, सेन्सर लावलेला असताना, आणि ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेले की वाद न घालता रोजा सोडायचा. इन्सुलिनचे डोस डॉक्टरांनी बदलून दिले. ते इथे लिहीत नाही, कारण दुसऱ्या मुलाला ते लागू पडणार नाहीत. बोट टोचल्याने, सेन्सर लावल्याने किंवा इन्सुलिनच्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे मत बहुतेक उलमा देतात. मनात शंका असेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे, पण शंकेपायी तपासणी थांबवू नये.

पहिले दोन रोजे नीट पार पडले. तिसऱ्या दिवशी, असरनंतर, पावणेपाचच्या सुमारास १०४ आणि तिरका उतरता बाण. पंधरा मिनिटांनी ८४. आणखी पंधरा मिनिटांनी ६९. बोट टोचले तर ६४. इफ्तारला सव्वा तास बाकी होता. लेक म्हणाली, "थोडंसंच तर राहिलंय, अब्बू." शरबताचा ग्लास दादीने आणला. "बेटा, रोजा कजा करता येतो. आधी हे पी." तिने प्यायले, आणि मगरिबपर्यंत कोणाशी बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. सगळ्यांबरोबर दस्तरखानावर मात्र ती बसली.

तरावीहनंतर तिने स्वतःच फोन पुढे केला. सेहरीनंतर रेघ २१० पर्यंत चढून मग दिवसभर उतरतच गेली होती, आधीच्या दोन दिवसांपेक्षा तीव्र उताराने. "सेहरीचं इन्सुलिन जास्त होतंय का ते डॉक्टरांना विचारू," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी फोन केला, डोस कमी झाला. त्या महिन्यात तिचे एकूण पाच रोजे झाले. तिच्या वहीत सहावा लिहिलेला आहे, पुढे 'कजा' असे.

आता पैशाची गोष्ट. दोन आठवडे चालणारा सेन्सर चार-पाच हजारांच्या घरात जातो. महिन्याला दोन. बहुतेक घरांना हे झेपत नाही, आम्हालाही बाराही महिने झेपत नाही. रमजान, परीक्षा, डोस बदलायचा असेल तेव्हा लावतो, एरवी ग्लुकोमीटर. सेन्सर नसेल तरी बाण काढता येतो: वीस मिनिटांच्या अंतराने दोनदा बोट टोचावे, दोन आकड्यांतला फरक म्हणजेच बाण. आणि ज्या घरात इन्सुलिनचीच अडचण आहे त्यांनी गप्प बसू नये. आपल्या नागपुरातच डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली 'ड्रीम ट्रस्ट' उभा केला, तो गरीब घरांतल्या टाइप वन मुलांना इन्सुलिन व तपासणीचे साहित्य मिळावे यासाठीच. औषध परवडत नाही म्हणून डोस अर्धा करणे हा काटकसरीचा मार्ग नाही, त्यात जीव जातो.

नागपूरच्या उन्हाळ्याचेही एक गणित आहे. घामाने चकती सुटते, तिच्यावरून चिकटपट्टी लावावी. आणि मे महिन्यात डोस घेऊनही रेघ खाली येतच नसेल, तर मुलाने चोरून काय खाल्ले हे शोधण्याआधी इन्सुलिनची बाटली पाहावी. स्कूटीच्या डिकीत, खिडकीत ठेवलेले इन्सुलिन उन्हाने निकामी होते. फ्रीज नसेल किंवा वीज गेली तर ओल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा डब्यात ठेवावे. शंका आली तर नवी बाटली उघडावी.

शाळा सुरू झाली की वर्गशिक्षकांना भेटावे. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून टाइप वन असलेल्या मुलांना वर्गात व परीक्षेत साखर तपासू देण्याची, इन्सुलिन आणि खाऊ जवळ ठेवू देण्याची सूचना केली आहे. त्या पत्राची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ग्लुकोजचा पुडा आमच्या लेकीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. पुडा दर महिन्याला नवा ठेवावा लागतो, कारण तो मैत्रिणीच संपवतात.