जुना इंटरफेस : बदलू का ठेवू?

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलमधली मंडळी आमच्या घराकडे वळायला लागतात. कुणाला एकांकिकेचं पार्श्वसंगीत हवं असतं, कुणाला गाण्याचा ट्रॅक. कारण एकच, माझ्याकडे एक ऑडिओ इंटरफेस आहे. मामेभावाला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्याने जाता जाता मला दिलेला. दोन चॅनेलचा, यूएसबीवर चालणारा, वय पंधरा वर्षांच्या पुढे. एक नॉब फिरवला की खरखरतो, यूएसबीचं सॉकेट ढिलं झालंय. त्यामुळे येणारा प्रत्येक जण हमखास म्हणतो, "अजून हाच डबा? नवीन घे की लेका!"

मलाही तेच वाटत होतं. ट्रॅक करून देण्याचे मिळालेले नऊ हजार साठले होते. अजून चार-पाच हजार जमले की नवा इंटरफेस घ्यायचा असं ठरलं होतं. आणि नवा आला की पहिलं काम आजीच्या ओव्यांचं.

इथे आजीबद्दल थोडं सांगायला हवं. आजीचं वय चौऱ्याऐंशी. माहेर शिरोळ तालुक्यातलं. गावात पिठाची गिरणी येण्याआधीचं तिचं लहानपण, त्यामुळे पहाटे जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्या तिला पाठ. मागच्या दिवाळीत फराळाचं करताना तिने सलग वीस-पंचवीस म्हटल्या. मी म्हटलं, "आजी, हे रेकॉर्ड करूया. जरा थांब, नवीन मशीन घेतो, मग चांगलं होईल." ती म्हणाली, "घे बाबा तुझं काय ते. मी कुठं पळून चाललीया?"

दिवाळी गेली, सबमिशन आलं, परीक्षा आली. जानेवारीत आजीला छातीचा त्रास झाला, आठवडाभर दवाखान्यात होती. घरी आली, बरीही झाली, पण आवाज बारीक झाला आणि दम टिकेना. तेव्हा मात्र मी हादरलो. पैसे अजून पुरे झालेले नव्हते. मग ठरवलं, आपण इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी ना? डबा बदलायचाच आहे का, हे एकदा मोजून तर बघू! त्या मोजमापाचा हा हिशेब.

हा डबा करतो काय?

माइकमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, म्हणजे अगदी क्षीण असतो. इंटरफेसमधला प्रीअँप तो मोठा करतो. मग कन्व्हर्टर त्याचे आकडे बनवतो. सीडीच्या दर्जाला सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप होतं आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटचं असतं, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. एक बिट वाढला की सुमारे ६ डेसिबल मिळतात. म्हणून १६ बिटला सुमारे ९६ डेसिबल आणि २४ बिटला कागदावर १४४. कागदावर म्हणायचं कारण, प्रत्यक्षातल्या सर्किटचा स्वतःचा नॉइज असतो आणि चांगले कन्व्हर्टरसुद्धा साधारण १०० ते १२० च्या घरात थांबतात.

शेवटी हे आकडे यूएसबीवरून कॉम्प्युटरला जातात. "जुनं यूएसबी स्लो असतं ना?" असं एकाने विचारलं होतं. गुणाकार करून बघा. २ चॅनेल, २४ बिट, ४४,१०० मोजमापं : सेकंदाला सुमारे २१ लाख बिट. पहिल्या पिढीच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२० लाख बिट. ध्वनी आत आणि बाहेर दोन्हीकडे नेला तरी दोन चॅनेलला ते पुरतं. म्हणजे वेगाच्या नावाने डबा बदलायचं कारण नाही.

मोजमाप कसं केलं?

आमचं घर ज्या गल्लीत आहे तिथे दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. तेव्हापासून या गावाचा खडखडाट चालू आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गवयाचं नाव गावाशी जोडलेलं असलं तरी आज इथे रेकॉर्डिंग करणं म्हणजे धोट्याशी जुगलबंदी!

ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. पूर्ण पातळी म्हणजे ० डेसिबल, त्याखाली सगळे आकडे ऋण. आजी बोलते त्या आवाजाची सरासरी −२० येईल असा नॉब लावला आणि पुढे त्याला हात लावला नाही. मग तीन वेळा तीस-तीस सेकंद फक्त शांतता रेकॉर्ड केली.

पहिल्यांदा माइक काढून त्याच्या जागी प्लगच्या दोन आणि तीन नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर लावला. हा झाला डब्याचा स्वतःचा नॉइज : −७६.

दुसऱ्यांदा माइक लावून, माग चालू असताना : −४२.

तिसऱ्यांदा लाइट गेली तेव्हा. लाइट गेली की माग थांबतात, पंखा थांबतो आणि गल्ली एकदम सुन्न होते. लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि इंटरफेस यूएसबीच्या ५ व्होल्टवर. त्यातूनच तो कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही बनवतो. तेव्हाचा आकडा : −६३.

आता खरी गंमत. डेसिबलची थेट बेरीज होत नाही, आधी पॉवरमध्ये बदलावं लागतं. पूर्ण पातळीची पॉवर एक कोटी भाग धरा. मग −४२ म्हणजे सुमारे ६३० भाग, −६३ म्हणजे ५ भाग आणि −७६ म्हणजे फक्त पाव भाग. माग चालू असताना ६३० भाग नॉइजमध्ये माझ्या बिचाऱ्या डब्याचा वाटा पाव भाग! आणि लाइट गेल्यावरच्या शांततेतही ५ मध्ये पाव.

समजा, मी नवा इंटरफेस घेतला आणि तो १० डेसिबलने चांगला निघाला. पाव भागाचा चाळिसावा भाग होईल. एकूण नॉइज ५ वरून पावणेपाचच्या आसपास येईल. डेसिबलमध्ये सांगायचं तर ०.२ चा फरक. तो कुणाच्या कानाला कळणार? एवढ्यासाठी मी चौदा हजार घालणार होतो आणि त्याहून वाईट म्हणजे तीन महिने थांबलो होतो.

मग फरक कशाने पडला?

एक, अंतर. माइक आजीपासून दोन फुटांवर होता, तो अर्ध्या फुटावर आणला. अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. दोनदा निम्मं केलं, १२ डेसिबल मिळाले, खर्च शून्य. फक्त माइक तोंडासमोर न धरता जरा बाजूला ठेवावा, नाहीतर श्वासाचे फटके बसतात.

दोन, वाकळा. घरातल्या तीन वाकळा दोरीवर टाकून आजीच्या मागे आणि दोन्ही बाजूंना लावल्या. इथे एक गैरसमज दूर करतो. वाकळ मागाचा आवाज अडवत नाही, त्याला भिंतीसारखं वजन लागतं. वाकळेने खोलीतला घुमारा कमी होतो आणि शब्द स्वच्छ येतात.

तीन, चार्जर. मला जी भुणभुण डब्याचा दोष वाटत होती ती ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतली निघाली. लॅपटॉपचा चार्जर काढला की गायब!

चार, दुरुस्ती. आमच्या लॅबमधल्या सरांना डबा दाखवला. ते म्हणाले, "अहो, टाकायला काय निघालात, उघडून तर बघा." यूएसबीचं सॉकेट नवीन लावलं, खरखरणाऱ्या नॉबमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, एक चांगली केबल घेतली. एकूण खर्च ३८० रुपये. सरांनी कपॅसिटरही तपासायला लावले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे. फुगलेला दिसला तर बदलायचा, दहा-वीस रुपयांचं काम. माझे सगळे ठीक होते.

मग बदलायचा कधी?

कधीच बदलू नका असं माझं म्हणणं नाही. चार प्रसंगी मीही बदलेन.

पहिला, कॉम्प्युटरने ओळख सोडली तर. इंटरफेस बिघडण्याआधी त्याचा ड्रायव्हर मरतो असा अनुभव पुष्कळांना येतो. फायरवायरवर चालणाऱ्या डब्यांचं तेच झालं. २०२५ मध्ये ॲपलने मॅकच्या नव्या सिस्टिममधून फायरवायर काढूनच टाकलं. उलट जे डबे यूएसबीच्या ठरलेल्या ऑडिओ नियमांनी चालतात त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हे नियम पहिल्यांदा १९९८ मध्ये आले, दुसरी आवृत्ती २००६ मध्ये. या दुसऱ्या आवृत्तीसाठी विंडोजमध्ये मुळातूनच सोय झाली ती २०१७ साली. माझा डबा पहिल्या नियमांचा आहे, म्हणून आजही लावला की चालतो. सेकंडहॅंड घेताना किमतीच्या आधी हे विचारा.

दुसरा, चॅनेल कमी पडले तर. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं, गायक, पेटी, मृदंग, टाळ वेगवेगळे हवेत, तर दोन चॅनेलचा डबा कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही.

तिसरा, डब्याचा स्वतःचा नॉइजच मोठा निघाला तर. डायनॅमिक माइकचा सिग्नल कमी असतो, नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागतो, मग जुन्या प्रीअँपची सूं-सूं ऐकू येते. वरची रेझिस्टरची चाचणी करा. तो आकडा खोलीच्या आकड्याच्या जवळ आला तर खुशाल बदला.

चौथा, गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत असेल तर. २५६ मोजमापांचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून दोन मीटर जातो, म्हणजे दोन मीटरवरच्या पेटीवाल्याइतकाच उशीर. पण आत जाताना एक, बाहेर येताना एक आणि वर ड्रायव्हरचा, असं मिळून अडखळायला होतं. त्यातही आधी डब्यावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे का बघा. ते दाबलं की आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो.

यातलं एकही कारण मला लागू नव्हतं.

शेवटचं

जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम आपल्या महाराष्ट्रात झालंय. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने अनेक ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं आणि २०१७ पासून पारी या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळू लागल्या. त्या ऐकताना मागे कोंबडा आरवतो, पोरं बोलतात. त्याने माझं काहीच अडलं नाही. नंतर अजून चांगली यंत्रं येणार आहेत म्हणून ती माणसं थांबली असती तर?

फेब्रुवारीतल्या एका दुपारी लाइट गेली. मी धावत वाकळा टांगल्या, माइक लावला. आजी म्हणाली, "आरं, त्या डब्याला काय इचारत बसतोस? मला इचार की." मग दम खात खात, मध्ये पाणी पीत तिने म्हणायला सुरुवात केली. दोन तासांनी लाइट आली, माग सुरू झाले आणि आम्ही थांबलो. अशा चार दुपारी मिळून सदतीस ओव्या झाल्या.

दिवाळीत तिने म्हटलेली भावाची एक ओवी मला फार आवडली होती. ती म्हणायला सांगितली. पहिली ओळ आली, पुढची काही केल्या आठवेना. "ऱ्हाऊ दे, येईल कधीतरी," म्हणाली. अजून आलेली नाही.

नऊ हजारांतून दोन हार्ड डिस्क घेतल्या. एक आमच्याकडे, एक आत्याकडे ठेवलीय. उरलेले पैसे तसेच आहेत. डबाही तसाच आहे, गॅदरिंगचे ट्रॅक त्याच्यावरच होणार, कुणी नावं ठेवायची नाहीत! आणि हॉस्टेलवाल्यांनो, सुट्टीत घरी गेलात आणि तुमच्याही घरी कुणी गाणारं, सांगणारं असेल, तर डब्याचीही वाट बघू नका. मोबाइल जवळ ठेवा, पंखा बंद करा आणि सुरू करा.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स