लॉन काढलं, अंगण मिळालं

आमच्या इंदूरच्या घरामागे वीस बाय वीस फुटांचं लॉन होतं. बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने लावलेलं. दिसायला सुरेख, पण त्यावर कुणी बसत नसे. सकाळी ओलं, दुपारी वर रखरखीत ऊन, संध्याकाळी डास. दोन वर्षांपूर्वी आजी त्या ओल्या गवतावर घसरली. हाड मोडलं नाही, पण तिने मागचं दार ओलांडणंच सोडून दिलं. ज्या अंगणात तिने वर्षानुवर्षं पापड-कुरडया वाळवल्या, ते आता ती खिडकीतून बघत बसायची.

त्याच एप्रिलमध्ये आमची बोअर आटली. बाबा लॉनसाठी टँकर मागवायला निघाले, तेव्हा मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचं ४०० चौरस फुटांचं लॉन म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. माळव्याच्या उन्हाळ्यात ते हिरवं ठेवायचं तर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी तरी धरावं लागतं. म्हणजे रोज १८५ लिटर आणि ७५ दिवसांत जवळजवळ १४ हजार लिटर! पाच हजार लिटरचे तीन टँकर, तेही फक्त बघायच्या गवतासाठी.

नळाचं पाणी तरी कुठे सहज येतं? १९७८ पासून इंदूरला नर्मदेचं पाणी मिळतं. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्य चढून, पंपांनी आणावं लागतं.

बाबांना आकडे पटले, मन तयार होईना. “घरामागे वाळवंट नको करूस,” एवढंच म्हणाले.

त्यांची भीती अगदीच चुकीची नव्हती. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने १९८१ मध्ये ‘झेरिस्केप’ हा शब्द काढला. ग्रीक ‘झेरोस’ म्हणजे कोरडा. पण पुष्कळांनी त्याचा अर्थ खडी आणि निवडुंग एवढाच घेतला. मीही तीच चूक केली. अर्धं लॉन काढून पांढरी खडी पसरली. मे महिन्यात ती अशी तापायची की रात्रीसुद्धा खिडकीतून झळ येई. आणि आजीची काठी तिच्यात रुतायची! महिनाभरात ती सगळी उचलली.

मग मी प्रश्नच बदलला. कुठली झाडं लावायची, हे नंतर. आधी इथे कोण, किती वाजता, कशासाठी येऊन बसणार?

आजीसाठी दारापासून बाकापर्यंत तीन फूट रुंद वाट केली. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी बसवली की ती वरखाली होते. म्हणून माती खणून मुरूम भरला, धुमसून घट्ट केला आणि वर पॉलिश नसलेली खडबडीत फरशी लावली. दहा फुटांना दीड इंच उतार दिला, झाडांच्या दिशेने. त्यामुळे पाणी साचत नाही, मुळांकडे जातं. बाक अठरा इंच उंच आणि हात टेकवून उठता येईल असा.

पश्चिमेचं ऊन अडवायला लोखंडी मांडव घातला, त्यावर मधुमालती चढवली. पहिल्या उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधावी लागली. दुसऱ्या वर्षी वेलीने मांडव झाकला.

झाडांची विभागणी तहानेप्रमाणे केली. तुळस, मोगरा, पुदिना, गवती चहा स्वयंपाकघराच्या दाराशी. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांनाच जातं. साबणाचं पाणी मात्र तिथे टाकत नाही. शेवगा, सीताफळ, बोगनवेल, कोरफड कुंपणाकडे. ही झाडं काटक, पण लावल्या दिवसापासून नव्हेत. पावसाच्या सुरुवातीला लावा आणि पहिले दोन उन्हाळे नेमाने पाणी द्या.

पारिजातकाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलंय. रंग न दिलेलं, साधं मातीचं. आत भरलेलं पाणी मातीत हळूहळू झिरपत राहतं. डास होऊ नयेत म्हणून वर झाकण हवंच. सगळ्या आळ्यांत दोन-तीन इंच पालापाचोळा पसरतो, खोडापासून थोडा दूर, नाहीतर खोड कुजतं. पूर्वी हाच पाला पोत्यात भरून आम्ही कचरागाडीत टाकत होतो!

छपराचं पाणीही आता गटारात जात नाही. ९०० चौरस फुटांच्या गच्चीवर २० मिलिमीटरची एक सर पडली की साधारण सोळाशे लिटर पाणी होतं. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडतो. पुढचं गाळून शोषखड्ड्यात. खड्डा घराच्या पायापासून लांब ठेवलाय. उन्हाळ्यात बागेला आता रोज चाळीस-पन्नास लिटर पुरतं.

आणि बाबांचं लॉन? त्यांनी एकच अट घातली होती. कोपऱ्यातला तीन बाय सहा फुटांचा तुकडा गवताचाच राहील. आम्ही तिथे दुर्वा लावल्या. मे महिन्यात त्या पिवळ्या पडतात, बाबा अस्वस्थ होतात. पहिल्या पावसात त्या पुन्हा हिरव्या होतात.

तुमच्याही घरामागे अशी नुसती बघायची जागा असेल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाला तिथे घेऊन जा. ती दोघं कुठे अडखळतात, कुठे टेकायला बघतात, ते पाहा. तिथूनच सुरुवात करा.

यंदा गणपतीला एकवीस दुर्वांच्या जुड्या बाजारातून आणाव्या लागल्या नाहीत. आजी काठी घेऊन एकटीच मागे गेली आणि स्वतः खुडून घेऊन आली.