लेथचे चलवेग चालन

लेथच्या विद्युत् चलित्राचा वेग इलेक्ट्रॉनीय साधनाने हवा तसा कमीजास्त करण्याच्या व्यवस्थेला चलवेग चालन म्हणतात. धातू कातताना योग्य कर्तन वेग राखण्यासाठी कार्यवस्तूच्या व्यासाप्रमाणे तर्कूचा वेग बदलावा लागतो. उदा., मृदू पोलादासाठी कर्तन वेग मिनिटास ३० मी. धरल्यास १०० मिमी. व्यासाला तर्कूचे मिनिटास सु. ९५ फेरे, तर २० मिमी. व्यासाला सु. ४८० फेरे लागतात. पायऱ्यांच्या कप्प्या किंवा दंतचक्रपेटी यांनी ठराविकच वेग मिळतात.

वेग अखंडपणे बदलण्यासाठी हॅरी वॉर्ड लेनर्ड यांनी १८९१ मध्ये जनित्र व एकदिश चलित्र यांची जोडणी योजिली. आता बहुधा त्रिकला प्रवर्तन चलित्राला कंप्रता परिवर्तक जोडतात. परिवर्तकात प्रत्यावर्ती प्रवाह प्रथम एकदिश केला जातो. नंतर ट्रँझिस्टरांच्या जलद उघडझापीने त्यापासून हव्या त्या कंप्रतेचा त्रिकला प्रवाह तयार होतो. चार ध्रुवांच्या चलित्रातील चुंबकीय क्षेत्र ५० हर्ट्‌झला मिनिटास १,५०० फेरे करते, तर २५ हर्ट्‌झला ७५०. घूर्णक त्याहून किंचित मंद फिरतो. लहान परिवर्तक एककला पुरवठ्यावरही चालतात. मात्र २३० व्होल्टच्या परिवर्तकासाठी चलित्राची गुंडाळी त्रिकोण जोडणीत त्या दाबाला योग्य असावी लागते.

परिवर्तकाने वेग घटविला, तरी पीळ वाढत नाही. निम्म्या कंप्रतेला १ किवॉ. चलित्रापासून सु. अर्धा किवॉ. शक्तीच मिळते, उलट दंतचक्रांनी वेग निम्मा केल्यास घर्षणातील व्यय सोडता पीळ दुप्पट होतो. मंद वेगात चलित्राच्या आसावरील पंखाही मंदावतो व चलित्र तापते. यामुळे मोठ्या व्यासाचे जड काम करताना मागील दंतचक्रे वापरावीच लागतात. ती काढून सर्व भार परिवर्तकावर टाकणे चुकीचे ठरते.

परिवर्तक व चलित्र यांच्यामध्ये चालू-बंद खटका ठेवीत नाहीत; लेथचे मूळ खटके परिवर्तकाच्या नियंत्रण अग्रांना जोडतात. शीतक द्रवाचा पंप व दिवा यांना स्वतंत्र पुरवठा देतात. वीज खंडित होऊन परत आल्यावर तर्कू आपोआप फिरू लागणार नाही, अशी योजना आवश्यक असते. आट्यांनी बसविलेला चक अचानक गतिरोधनाने किंवा उलट फिरविल्याने सैल होऊन निसटू शकतो. म्हणून थांबण्याचा कालावधी पुरेसा ठेवतात. पुरवठा तोडल्यावरही धारित्रांत काही मिनिटे ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेला वेळ जाऊ देऊन व दाब मोजूनच परिवर्तक उघडतात. लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून तो बंद पेटीत बसवितात व भूयोजन अनिवार्य मानतात.