दूरच्या मुलखाचा वैद्य

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा जो पहिला भाग प्रक्षेपित झाला, त्याच्या केंद्रस्थानी नौकेचा कप्तान नव्हता, त्याचा तर्ककठोर साहाय्यक स्पॉकही नव्हता, तर नौकेवरचा वैद्य होता, ही गोष्ट या मालिकेच्या जवळजवळ साठ वर्षांच्या वाटचालीकडे वळून पाहताना मला फार अर्थपूर्ण वाटते. एका ओसाड ग्रहावर आपली पूर्वीची प्रिया पुन्हा भेटली या समजुतीने हळवा झालेला डॉक्टर मकॉय, ती प्रिया नसून तिचे रूप धारण केलेला आणि माणसाच्या देहातील मीठ शोषून जगणारा एक प्राणी आहे हे उमगल्यावर, कप्तानाचे प्राण वाचविण्यासाठी त्या प्रिय मुखावर स्वहस्ते शस्त्र चालवितो. आणि ज्याला त्याने मारले तो त्या जातीतला अखेरचा जीव असतो. वैद्याच्या हातून घडलेल्या हत्येने ज्या मालिकेचा आरंभ झाला, तिने त्या वैद्याला पुढे कधीही केवळ मलमपट्टीचा धनी होऊ दिले नाही. याच भागासाठी विकत आणलेल्या नव्या घडणीच्या मीठदाण्या प्रेक्षकांना ओळखू येणार नाहीत अशा शंकेने बाजूला ठेवल्या गेल्या आणि नंतर मकॉयची शस्त्रक्रियेची उपकरणे म्हणून त्याच रुजू झाल्या, हा तपशीलही नोंदवून ठेवण्याजोगा आहे. कारण या वैद्याचे खरे सामर्थ्य त्याच्या उपकरणांत कधीच नव्हते.

ही भूमिका करणारा डीफॉरेस्ट केली हा जॉर्जियातील एका धर्मोपदेशकाचा मुलगा, २० जानेवारी १९२० चा जन्म. त्याला वस्तुतः डॉक्टरच व्हावयाचे होते, परंतु घरची परिस्थिती तो खर्च पेलणारी नव्हती. आणि चित्रसृष्टीत आल्यावर बरीच वर्षे त्याच्या वाट्याला घोडेस्वारांच्या चित्रपटांतील खलपुरुष आले. मालिकेच्या दोन प्रारंभिक भागांत दोन निराळे वैद्य आजमावून झाल्यावर ही जागा त्याच्याकडे आली, आणि अपुऱ्या राहिलेल्या इच्छेने माणूस एखादे काम किती जीव ओतून करतो याचा तो एक पुरावाच ठरला. त्याचा मकॉय चिडका आहे, यंत्रांवर त्याचा विश्वास नाही, देहाचे अणुरेणू सुटे करून दुसऱ्या जागी पुन्हा जुळविणाऱ्या प्रेषणयंत्रात पाऊल टाकताना तो प्रत्येक वेळी कुरकुरतो, आणि स्वतःला तो खेड्यातला जुना डॉक्टर म्हणवितो. आपले काम पाहून कित्येक तरुणांनी वैद्यकीचा मार्ग धरला, याचे समाधान केलीला ११ जून १९९९ रोजी झालेल्या मृत्यूपर्यंत इतर कोणत्याही मानसन्मानापेक्षा मोठे वाटत असे.

त्या ‘खेड्यातला डॉक्टर’ या एका विशेषणामुळे मी या विषयाकडे वळलो. मी खंडाळ्याचा; पण सहलीचे खंडाळे निराळे. मी राहतो ते सातारा जिल्ह्यातील, नीरा ओलांडून शिरवळ मागे टाकल्यावर खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी लागणारे, पावसाने बहुधा हात आखडता घेतलेल्या तालुक्याचे ठिकाण. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी ही मालिका दाखविली, तेव्हा ज्या घरी संच असे तेथे आम्ही जमत असू. इंग्रजी संवाद निम्म्याहून अधिक डोक्यावरून जात, परंतु निजलेल्या रोग्यावर वाकलेला, कप्तानाचा हुकूम ऐकूनही मान हलविणारा तो निळ्या अंगरख्याचा माणूस काय म्हणत असेल हे कोणी समजावून सांगावे लागत नसे. दुरून आलेला रोगी, हाताशी अपुरी सामग्री आणि विचारविनिमयाला दुसरा वैद्य नाही, ही अवस्था या मुलखाला नवी नव्हती. मोठ्या दुखण्याचा माणूस लोणंदच्या स्थानकावरून मिरजेच्या गाडीत बसविण्याजोगा आहे की नाही, याचा निर्णय ज्या वैद्याला एकट्याने करावा लागे, त्याला दूरचे तारे पाहण्याची गरज नव्हती. तो त्याच एकांतात बसलेला असे.

योगायोग असा की कल्पनेतली ही गोष्ट त्याच दशकात प्रत्यक्षातही घडत होती. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून निघालेले राकेश शर्मा साल्यूत-७ या अंतराळस्थानकावर पोहोचले, तेव्हा तेथे अगोदरपासून मुक्कामास असलेल्या तिघांपैकी एक, ओलेग आत्कोव, हा हृदयविकारांचा तज्ज्ञ होता. त्या फेरीत आत्कोव २३७ दिवस अंतराळात राहिला आणि भारशून्य अवस्थेत हृदयाचे काय होते याचा अभ्यास त्याने स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या देहावर केला. भारताचा पहिला अंतराळवीर एका वैद्याच्या सहवासात राहून आला, ही घटना आपल्याकडे जेवढी सांगितली जावयास हवी होती तेवढी सांगितली गेली नाही, याची मला खंत वाटते.

मकॉयच्या काळातील दोन भाग मी विशेष मानतो. १९६७ मधील एका कथेत खाणीतल्या कामगारांना मारणारा प्राणी हा खडकाच्या देहाचा, आपल्या अंड्यांचे रक्षण करणारा मातृजीव आहे असे निष्पन्न होते, आणि आपण वैद्य आहोत, गवंडी नव्हे, अशी तक्रार करीत मकॉय बांधकामाचे मिश्रण कालवून त्या जखमेत भरतो. प्रारंभीच्या त्या हत्येला हे जणू उत्तर आहे: ज्याच्या देहाची घडण आपल्या शास्त्रात बसत नाही, तोही रोगीच. दुसरा भाग १९६८ च्या डिसेंबरातला; छळासाठी एकाची निवड करा असे बंदिवानांना फर्मावण्यात आले असता, मकॉय आपल्या दोन्ही मित्रांना गुंगीचे औषध टोचून स्वतः पुढे होतो. वैद्यकीय विद्येचा असा उपयोग कोणत्या ग्रंथात सांगितला आहे?

१९८७ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेतील डॉक्टर बेव्हर्ली क्रशर ही संयत, न्यायबुद्धीची स्त्री; रोग्याच्या नावाखाली स्वतःचे प्रयोग पुढे रेटणाऱ्या एका संशोधिकेशी तिने घेतलेला झगडा चांगला आहे, पण तिच्या नौकेवर सर्व काही इतके सुस्थितीत असते की वैद्याचा एकांत तेथे क्वचितच जाणवतो. तो परत येतो १९९६ मध्ये, ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेतील तरुण डॉक्टर बशीर याच्या एका कथेत. शत्रूने शिक्षा म्हणून पसरविलेल्या साथीने एक अख्खा ग्रह पिढ्यान्‌पिढ्या मरत आहे. काही दिवसांत औषध शोधून काढू अशा आत्मविश्वासाने बशीर तेथे राहतो. आणि आपल्याच उपकरणांच्या लहरींनी रोग अधिक भडकला हे त्याला रोग्यांच्या मृत्यूनंतर कळते. उपाय त्याला अखेरपर्यंत सापडत नाही. सापडते ती केवळ लस, जी आईला वाचवू शकत नाही, तिच्या पोटातल्या मुलाला मात्र निरोगी जन्म देते. विज्ञानकथेत वैद्याचा पराभव इतक्या आदराने लिहिलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

१९९५ च्या ‘व्हॉयेजर’ने तर या परंपरेची उलथापालथच केली. नौका घरापासून अतिदूर फेकली जाते, सर्व वैद्यकीय कर्मचारी मरण पावतात, आणि उरतो तो आणीबाणीपुरता नेमलेला, प्रकाशाने घडविलेला, नाव नसलेला एक होलोग्राम. रॉबर्ट पिकार्डो या नटाने तो साकारला. यंत्रावर अविश्वास दाखविणाऱ्या मकॉयच्या गादीवर आता साक्षात् यंत्रच बसले होते. आणि नवल असे की या मालिकांतील वैद्यकीविषयीच्या सर्वांत खोल कथा त्याच्याच वाट्याला आल्या. १९९९ मधील एका भागात दोन जखमी तरुण त्याच्यापुढे येतात: दुखापत एकच, जगण्याची शक्यता सारखीच, आणि वेळ एकाच शस्त्रक्रियेपुरता. तो एकाला निवडतो, तो जगतो, दुसरी मरते. ज्याला निवडले तो आपला मित्र होता हे ध्यानी आल्याबरोबर या यंत्राला, हा निर्णय मी कोणत्या आधारावर केला, हा प्रश्न असा ग्रासतो की काम अशक्य होते, आणि कप्तान त्याच्या दप्तरातून ती स्मृतीच पुसून टाकते. दीड वर्षाने त्याला हे कळते. तेव्हा मात्र ती पुन्हा पुसली जात नाही. नौकेवरची माणसे त्याच्याजवळ आळीपाळीने बसतात, स्वतः कप्तान बसते, आणि त्याचे म्हणणे ऐकून घेते. खंबाटकीच्या महामार्गावरून एकाच वेळी अनेक जखमी ज्या रुग्णालयात आणले जातात, तेथील डॉक्टरजवळ दुसऱ्या दिवशी कोण बसते, हा विचार तो भाग पाहिल्यापासून माझी पाठ सोडीत नाही.

पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कथेत हाच वैद्य चोरीला जाऊन एका तरंगत्या रुग्णालयात विकला जातो, जेथे प्रत्येक माणसाचे समाजाला असलेले मूल्य आकड्यात मांडलेले असून औषधांची वाटणी त्या आकड्याबरहुकूम होते. वरच्या मजल्यावर निरोगी माणसांना आयुष्यवृद्धीसाठी जे औषध मिळते, तेच खालच्या मजल्यावर मरणाऱ्या मुलाला नाकारले जाते. हा डॉक्टर प्रथम औषधे चोरतो, मग व्यवस्थापकाच्याच अंगात रोग सोडून त्याला खालच्या मजल्याचा रोगी बनवितो. आणि सुटून आल्यावर आपल्या नीतिबुद्धीत बिघाड झाला असेल या आशेने स्वतःची तपासणी करून घेतो, तर बिघाड मुळीच नसतो.

२००२ च्या जानेवारीत दाखविलेल्या ‘एंटरप्राइज’मधील कथेशी मात्र माझा कायमचा मतभेद आहे. डॉक्टर फ्लॉक्स एका मरणोन्मुख समाजाच्या रोगावर उपाय शोधून काढतो, आणि निसर्गाच्या विकासक्रमात ढवळाढवळ नको, त्यांच्या पलीकडे दुसरी जमात उदयाला येत आहे, अशा युक्तिवादाने तो उपाय त्यांना द्यावयाचे नाकारतो; कप्तानही अखेर मान तुकवितो. फ्लॉक्स सौम्य आहे, विद्वान आहे, पण या निर्णयात तो वैद्य राहिलेला नाही. याच खंडाळा तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात, त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनी पुण्याबाहेर ससाणे यांच्या माळावर उघडलेल्या दवाखान्यात रोगी पोहोचविण्याचे काम अंगावर घेतले. मुंढव्याच्या गायकवाडांचा आजारी मुलगा त्यांनी पाठीवर वाहून आणला, त्याच संसर्गाने १० मार्चला त्यांचा अंत झाला. त्यांना वैद्यकीचे शिक्षण नव्हते. कोण जगावे याचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मात्र त्यांना क्षणभरही वाटले नाही, आणि फ्लॉक्सच्या सगळ्या तर्कशास्त्रापेक्षा मला ती पाठ अधिक प्रमाण वाटते.

अलीकडच्या मालिकांतील डॉक्टर कल्बर आणि डॉक्टर एमबेंगा यांच्याविषयी लिहिण्यास अजून काळ जावा लागेल. दरम्यान मकॉयचे हातातले निदानयंत्र प्रत्यक्षात आणणाऱ्यांसाठी मोठे पारितोषिक जाहीर होऊन २०१७ मध्ये त्याचे वाटपही झाले. आंतरराष्ट्रीय स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेतील गुठळीवर पृथ्वीवरच्या तज्ज्ञांनी दुरून उपचार केल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ‘गगनयाना’साठी २७ फेब्रुवारी २०२४ रोजी ज्या चौघांची नावे जाहीर झाली ते सर्व वायुदलातील वैमानिक आहेत, आणि पहिल्या उड्डाणांसाठी ते योग्यच आहे. परंतु २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे अंतराळस्थानक उभारण्याचा संकल्प आहे. तेथे दीर्घ मुक्कामासाठी पहिला वैद्य निवडण्याची वेळ येईल, तेव्हा निवडसमितीने मोठ्या शहरांतील नामांकित संस्थांबरोबर तालुक्याच्या रुग्णालयांचीही दप्तरे मागवावीत, आणि ज्याने काही वर्षे रात्रीच्या पाळीत एकट्याने निर्णय घेतले आहेत अशा एखाद्या डॉक्टरचा अर्ज वरच्या बाजूला ठेवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.