बंदुकीची चामडी गवसणी आणि काडतुसांचा पट्टा : निवड व निगा



भाताच्या लोंब्या दाणा धरू लागल्या की कोकणात रानडुकरांच्या भीतीने माळ्यावर जागल सुरू होते. अशा राखणीसाठी काहींच्या घरी परवान्याची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीक संरक्षणासाठी मुख्यतः ठासणीची बंदूक सांगितली आहे. कोणाकडे बारा बोअरची एकनळीही असते. (परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची मोकळीक मिळाली असे मात्र नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याची परवानगी वेगळी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.) बंदूक आपण दहा ठिकाणी चौकशी करून घेतो. गवसणी आणि पट्टा मात्र हाताला येईल तो उचलतो, आणि नुकसान नेमके तिथूनच सुरू होते.

एका बागाइतदाराची हकिकत ऐका. मृगाच्या आधी त्यांनी बंदूक पुसून नव्या चामडी गवसणीत घातली, बक्कल लावले आणि खुंटीला टांगली. काडतुसे पट्ट्यातच राहिली. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी बंदूक बाहेर काढली तर जिथे जिथे चामडे टेकले होते तिथे तिथे नळीवर तांबडा गंज. काडतुसांच्या पितळी बुडांवर हिरवा चिकट कळंक. त्यातले एक घालून पाहिले तर ते अर्धे आत जाऊन अडकले. ना पुढे, ना मागे! मुलगा पेचकस घेऊन धावला. घरातल्या म्हाताऱ्याने त्याचा हात धरला म्हणून बरे, कारण काडतुसाच्या बुडावर ठोकाठोकी करणे म्हणजे मरणाला हाक मारणे आहे. अशी बंदूक जशी आहे तशी, तोंड माणसांपासून दूर ठेवून, परवानाधारक कारागिराच्याच हाती द्यावी.

असे का झाले? चामडे हे एके काळचे कातडेच. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि धरून ठेवते. त्यात ते बाभळीच्या सालीत नाही तर हिरड्यात कमावलेले असेल तर अंगात आंबटपणा असतो. ओल, आंबटपणा आणि पितळ यांची गाठ पडली की कळंक धरणारच. ठासणीच्या बंदुकीच्या तांब्याच्या केपाही चामडी पिशवीत ठेवल्या तर हीच गत. म्हणून पहिला नियम हा, की गवसणी आणि पट्टा नेण्याआणण्यासाठी आहेत, साठवणीसाठी नाहीत. घरी आल्यावर बंदूक बाहेर काढावी, कोरडी पुसावी, तेलाचा हलका हात द्यावा आणि कुलपात ठेवावी. काडतुसे कोरड्या डब्यात, वेगळ्या कुलपात. मुलांच्या दृष्टीनेही हेच बरे.

आता निवडीचे पाहू. बाजारात रेक्झिनच्या गवसण्या चामड्याच्या म्हणून सर्रास विकल्या जातात. कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या पाठीला कापड दिसते. पट्ट्याला म्हशीचे जाड कातडे चांगले. दुमडून पाहावे, वरचा थर तडकला तर घेऊ नये. शिवण मेण लावलेल्या दोऱ्याची, घट्ट आणि दुहेरी असावी. बक्कल पितळी घ्यावे, लोखंडी गंजून शिवणच खाते. गवसणीच्या टोकाला, जिथे नळीचे तोंड टेकते, तिथे चामड्याचा दुसरा तुकडा जोडलेला असावा, नाहीतर वर्षभरात भोक पडते. माप घ्यायला बंदूक बाजारात न्यायची गरज नाही. लांबी सुतळीने मोजून न्यावी. ओळखीचा चर्मकार असेल तर त्याच्याकडून मापाची शिवून घेणे केव्हाही चांगले. चार पैसे जास्त जातील, पण दुरुस्तीलाही तोच हाताशी असतो.

पट्ट्याची घरे रिकाम्या काडतुसावर बेतावीत. पट्टा उलटा धरला तरी काडतूस पडता कामा नये आणि अंधारात एका बोटाने वर सरकले पाहिजे. कोणाकडे पिस्तूल असेल तर कमरेच्या खोळीने चाप पूर्ण झाकलेला असावा. चाप उघडा राहील अशी खोळ फुकट दिली तरी नको. आणि बंदूक गवसणीत घालण्याआधी दर वेळी उघडून आत काडतूस नाही हे पाहायचेच, मग ती आत्ताच पाहिलेली का असेना!

निगा फार अवघड नाही. भिजलेली गवसणी चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. चामडे आक्रसते, कडक होते, मग तडकते. आत जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत, वाऱ्याला टांगावी. पांढरी बुरशी आली तर अंगणात नेऊन ब्रशने झटकावी, घरात नको. नंतर पिळलेल्या फडक्याने पुसून वाळवावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली तर बुरशी हमखास येते.

तेल वर्षातून दोनदा पुरे : एकदा मृगाच्या आधी, एकदा दसऱ्याच्या सुमारास. एरंडेलाचे चार थेंब फडक्यावर घेऊन चोळावे आणि जादा पुसून काढावे. जवसाचे तेल वाळून पापुद्रा धरते; गोडेतेल खवट होऊन चिकटते. गाडीचे काळे तेल आणि रॉकेल तर नकोच. आमच्यापैकी पुष्कळांना वाटते, जास्त तेल म्हणजे जास्त निगा. तसे नाही. तेलाने लिबलिबीत झालेल्या पट्ट्याची घरे सैल पडतात आणि काडतूस बांधावर कुठे गळले ते कळतही नाही. मग त्याचा हिशेब पोलीस ठाण्यात द्यावा लागतो.

निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला तर ती चामडी गवसणीत घालून देऊ नका. नळीला आतून-बाहेरून तेल द्यावे, तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळावी आणि पावती घ्यावी. परत आली की त्याच दिवशी उघडून पुसावी.

आणि एक, तेल दिलेले चामडे उंदराला फार आवडते. रिकामी गवसणी आणि पट्टा आढ्याला तारेने टांगा, दोरीने नव्हे.