एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळी नावाचे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि पपनसांच्या बागा ही त्याची जुनी ओळख. २००८ साली सुरू झालेला विमानतळ ही नवी. तेथे उतरणाऱ्या प्रवाशाच्या तिकिटाची नोंद, त्याच्या बँकेतील शिल्लक, त्याने धाडलेला निरोप, हे सारे कोठल्या तरी दालनात अहोरात्र चालणाऱ्या संगणकांत साठविलेले असते. या संगणकांना सर्व्हर म्हणतात, आणि त्यांच्या दालनांना डेटा सेंटर.

पूर्वी प्रत्येक कामाला स्वतंत्र सर्व्हर देण्याची रीत होती. पगारपत्रकाचा एक, टपालाचा दुसरा. एका कामातील बिघाड दुसऱ्यास बाधू नये, हा तीमागील हेतू रास्तच होता. परंतु त्यामुळे बहुतेक यंत्रे बव्हंशी रिकामी बसू लागली. गूगलमधील बारोसो व होल्झ्ले या दोघा तज्ज्ञांनी २००७ साली दाखवून दिले की, सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या शक्तीच्या १० ते ५० टक्केच राबतो. आणि रिकामा असतानाही पूर्ण कामाच्या वेळच्या जवळजवळ निम्मी वीज खातो. बसून राहणाऱ्या गड्याला निम्मा पगार द्यावा, तसाच हा प्रकार!

यावरचा उपाय आपल्या जुन्या वाड्यांत सापडतो. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळे. विहीर मात्र सामाईक. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे नेमके हेच. एका सर्व्हरवर हायपरवायझर नावाचा कारभारी बसतो. तो स्मृतीचे वाटे पाडतो, गणनाची पाळी क्षणाक्षणाने फिरवितो, आणि प्रत्येक बिऱ्हाडास वाटते की सबंध यंत्र आपलेच आहे. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमने ती १९६० च्या दशकात प्रचंड संगणकांवर राबविली. १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे लहान सर्व्हरांवरही ती रुळली. २००७ मध्ये लिनक्स प्रणालीने असा कारभारी आपल्याच घरात घेतला.

एकत्रीकरण करताना प्रथम मोजमाप करावे लागते. दहा सर्व्हर प्रत्येकी ६ टक्के राबत असतील, तर त्यांचे काम एकाच्या ६० टक्क्यांत बसेल. तथापि शहाणा व्यवस्थापक एकावर न थांबता दोन ठेवतो. कारण वाडा कोसळला तर सारीच बिऱ्हाडे उघड्यावर पडतात. पुष्कळदा गणनशक्तीच्या आधी स्मृतीच अपुरी पडते, तीही पाहावी लागते. महिनाअखेरीस धावपळ करणारे काम आणि रात्री नकला काढणारे काम शेजारी ठेवले, म्हणजे दोघांची गर्दी एका वेळी होत नाही.

आता पुन्हा देवनहळ्ळीकडे वळू. हा प्रदेश पठारावरचा. मोठी नदी नाही, भिस्त तलावांवर व कूपनलिकांवर. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरास पाण्याची तीव्र टंचाई जाणवली. देवनहळ्ळी तालुक्यातील १,७७७ एकर जमीन उद्योगासाठी घेण्याचा बेत शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर कर्नाटक सरकारने जुलै २०२५ मध्ये सोडला. यंत्रास जागा हवी, वीज हवी, आणि तापलेले यंत्र निवविण्यास पुष्कळ ठिकाणी पाणीही हवे. म्हणून जे यंत्र विकतच घ्यावे लागत नाही, ते या साऱ्यांची बचत करते.

परंतु येथे एक मोह आहे. नवे बिऱ्हाड थाटणे काही मिनिटांचे काम झाल्यामुळे ती वाढतच जातात. जुनी कोणी हलवीत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या सुमारे दीड टक्का. तेव्हा काटकसरीने मोकळी झालेली जागा कशासाठी वापरायची, हे ठरविणे कारभाऱ्याच्या हाती नाही. ते घरमालकानेच ठरवावयाचे आहे.