नंबर आणि माप

चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी हाती आली म्हणजे काँटॅक्ट लेन्सची सनदच मिळाली, असा जो समज देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी, विशेषतः लग्नाच्या किंवा कबड्डीच्या निमित्ताने चष्म्यास कंटाळलेल्या तरुण मंडळींत, आढळतो, तो अगदीच निराधार नसला तरी अपुरा खास आहे. कारण नंबर हा केवळ प्रकाशाचा हिशेब असून, लेन्स मात्र जिवंत डोळ्यावर दिवसभर वागवावयाची असते.

नंबराची पद्धत जुनी आणि कसाला उतरलेली आहे. उट्रेख्तच्या स्नेलेन यांनी १८६२ साली सिद्ध केलेल्या तक्त्यातील ६/६ च्या ओळीचे अक्षर ६ मीटरवरून पाच कला एवढाच कोन व्यापते, म्हणजे त्याची उंची जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर भरते. आणि बाजारपेठेतील अरुंद गाळ्यात एवढे अंतर कोठून आणावयाचे, म्हणून उलटा छापलेला तक्ता रुग्णाच्या मागे टांगून समोरच्या आरशात तो वाचावयास लावण्याची जी युक्ती योजतात, ती शास्त्रास पूर्णपणे धरून आहे. 'हे बरं दिसतं, की हे?' या प्रश्नास 'दोन्ही सारखंच' असे उत्तर देताना पुष्कळांस उगाच अपराधी वाटते. वास्तविक तेच उत्तर तपासनिसास हवे असते.

परंतु लेन्ससाठी याउपर पारपटलाची, म्हणजे बुबुळावरील त्या पारदर्शक आवरणाची, वक्रता मोजावी लागते. पारपटल बहिर्गोल आरशाप्रमाणे प्रकाश परावर्तित करते, आणि त्यातील प्रतिबिंबाच्या आकारावरून केरॅटोमीटर हे यंत्र त्याची त्रिज्या काढते. ती बहुधा ७.८ मिलिमीटरच्या आसपास असते. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी ४३ एकट्या पारपटलाच्या वाट्याची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या मापाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. शिवाय चष्मा डोळ्यापासून १२ मिलिमीटर दूर आणि लेन्स डोळ्यालाच लागून, त्यामुळे उणे ८ च्या चष्म्याऐवजी लेन्स उणे सव्वासातचीच द्यावी लागते.

खरी अडचण श्वासाची. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात. त्यास प्राणवायू लाभतो तो अश्रूंत विरघळलेल्या हवेतून. झुरिकच्या फिक यांनी १८८८ साली वर्णिलेली काचेची लेन्स थोड्याच अवधीत असह्य होई, त्याचे एक कारण हेच. आणि पाणी शोषून मऊ राहणाऱ्या ज्या पदार्थाने पुढे हा मार्ग सुकर केला, त्याच्या लेन्सा प्रागच्या विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात मुलांच्या खेळण्यातील सुट्या भागांच्या यंत्रावर घरीच घडविल्या. अशी मऊ लेन्सही चिकटून बसता कामा नये. तपासनीस स्लिट लॅम्पच्या उजेडात पापणी मिटावयास सांगतो, तेव्हा लेन्स किंचित, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, सरकून पुन्हा जागी यावी लागते. खालच्या पापणीने हळूच वर ढकलली असताना ती हलली नाही, तर माप घट्ट झाले.

आता आपल्या मुलखाची कैफियत. चैत्र-वैशाखातील कोरडा वारा आणि जिनिंगमधील कापसाचे तूस डोळ्यांतील ओल टिकू देत नाहीत. तालुक्यातील शेडनेटांत भाजीपाल्याचे बीजोत्पादन चालते. तेथे चिमट्याने कळीतील पुंकेसर खुडणाऱ्या बायांस चाळिशीनंतर जे अडते ते जवळचे दिसणे, आणि त्यांस साधा जवळचा चष्माच सोयीचा. मिरचीच्या झाडांत वावरलेली बोटे साबणाने धुतल्यावरही डोळ्यांत घालण्याचे धाडस कोणी करू नये. विहिरीचे, नळाचे वा टँकरचे, कोणतेही पाणी लेन्सला लागता उपयोगी नाही. पाण्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्म जीव पारपटलास अशी जखम करतो, की ती भरून येण्यास महिनोन्‌महिने लागतात.

डोळ्यांच्या मोठ्या तपासणीसाठी येथून जालन्यास, श्री गणपती नेत्रालयासारख्या ठिकाणी, जाण्याचा परिपाठ आहे. लेन्स लावल्यावरची फेरतपासणी मात्र एस.टी.च्या फेरीसाठी हमखास टाळली जाते, आणि जे कोणी जातात त्यांतलेही काही लेन्सा नीट काढून, डबीत घालून, ती डबी डॉक्टरांपुढे ठेवतात. वास्तविक त्या सकाळपासून डोळ्यांत असतील, तरच माप बसले की नाही हे पाहता येते.